पुसलं तरी परत येतं

प्रश्न : मी घरीच मराठी टायपिंगची कामं करते. लग्नपत्रिका, प्रबंध, लोकांचे ऑनलाइन अर्ज. कॉम्प्युटर विंडोज १० चा आहे. दोन महिन्यांपासून ब्राउझर उघडला की भलतंच सर्चचं पान येतं आणि उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस’ अशा चौकटी उगवतात. गावातल्या मुलाने दोनदा साफ करून दिला. दोन-चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. विंडोजचा स्कॅन मात्र ‘धोका नाही’ म्हणतो. गेल्या आठवड्यात माझ्या ईमेलमध्ये दुसरीकडून कुणी शिरल्याची सूचना आली. बँकेचे व्यवहारही मी याच कॉम्प्युटरवर करते. नवीन घ्यावा लागेल का?
– एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, नवीन घेऊ नका. पण पुढचं वाचण्याआधी उठा आणि त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट बंद करा. केबल असेल तर उपसून ठेवा. मग मोबाइलवरून पासवर्ड बदला. आधी ईमेलचा, कारण बाकी बहुतेक खात्यांचे पासवर्ड ईमेलच्या वाटेनेच बदलले जातात, मग बँकेचा. त्या कॉम्प्युटरवर बसून बदलू नका, तुम्ही टाइप केलेला नवा पासवर्डही तिथून जाऊ शकतो. ईमेलच्या सेटिंगमध्ये लॉगिन असलेल्या सगळ्या डिव्हाइसची यादी असते. तिथून सगळीकडून साइन आउट करा. हे लोक कधी कधी पासवर्ड नाही, ब्राउझरने जपून ठेवलेला लॉगिनचा पासच उचलतात, आणि साइन आउट केल्याशिवाय तो पास रद्द झाला असं धरता येत नाही. खात्यातून एक रुपया जरी गेला असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी थांबले, ते सांगते. ‘स्कॅन धोका नाही म्हणतो.’

मिरजेत मी वीस वर्षांहून अधिक काळ कॉम्प्युटर दुरुस्त करते. टायपिंगवाल्यांचं मशीन आलं की माझा पहिला प्रश्न असतो, फॉन्टचं सॉफ्टवेअर कुठून आणलं? बहुतेक वेळा कुणीतरी पेन ड्राइव्हवर दिलेलं असतं. क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप फोडून फुकट वाटलेलं. सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं, आधी अँटिव्हायरस बंद करा, हे फोल्डर वगळा, मग इन्स्टॉल करा. माणूस अगदी निमूटपणे तसं करतो, कारण संध्याकाळी पत्रिका प्रेसला द्यायची असते. म्हणजे राखणदाराला आपणच बजावलं की या खोलीत डोकावू नकोस. मग तो ‘सगळं ठीक’ म्हणतो, यात त्याची काय चूक?

तुम्ही आधी तेच बघा. विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘मॅनेज सेटिंग्ज’ला जा आणि खाली ‘एक्सक्लूजन्स’ म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागांची यादी आहे, ती उघडा. घरच्या कॉम्प्युटरवर ही यादी रिकामी असायला हवी. तिथे एखादं फोल्डर दिसलं, आणि त्यातही अख्खा सी ड्राइव्ह दिसला, तर नाव कागदावर लिहून घ्या आणि नोंद काढून टाका.

आता ते परत का येतं, ते सांगते. गेल्या पावसाळ्यात एक डीटीपीवाले गृहस्थ असाच कॉम्प्युटर घेऊन आले होते. मी त्यांच्यासमोर त्रास देणारी फाइल शोधून डिलीट केली, रीसायकल बिनही रिकामा केला, नेट जोडलं आणि दोघं चहा घेत बसलो. तासाचा काटा फिरला आणि फाइल जागच्या जागी हजर. तेच नाव, तेवढाच आकार. ते म्हणाले, मॅडम, मी हेच सांगत होतो, कुणी विश्वास ठेवत नव्हतं. मग टास्क शेड्युलर उघडला. विंडोजने ठरल्या वेळी कोणती कामं करायची, त्याची ही वही. त्यात ‘अपडेट’ असं साधंसुधं नाव घेतलेली एक नोंद होती. ‘ट्रिगर्स’मध्ये लॉगिन केल्यावर आणि मग दर तासाला. ‘ॲक्शन्स’मध्ये पॉवरशेल, म्हणजे विंडोजला लेखी हुकूम देण्याचा प्रोग्राम, तेही लपलेल्या खिडकीत, आणि ॲपडेटा या प्रोग्रामांची माहिती ठेवणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या फोल्डरमधल्या अर्थहीन अक्षरांच्या एका फोल्डरचा पत्ता. आधीच्या दुरुस्तीवाल्याने दर वेळी फाइल काढली होती, ही नोंद कधीच नाही. दोन मिनिटांचं काम होतं, पण बघावं लागतं.

२००४ साली एका सायबर कॅफेच्या विंडोज एक्सपी मशीनवर कूलवेबसर्च नावाच्या ब्राउझर पळवणाऱ्या प्रोग्रामने मला हे पहिल्यांदा शिकवलं. होमपेज बदलावं आणि रीस्टार्टनंतर पुन्हा तेच. तेव्हा हायजॅकधिस नावाच्या चिमुकल्या प्रोग्रामने काढलेली यादी मी ओळीओळीने वाचायची. आज त्या कामाला मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स आहे, फुकट मिळतं. कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणारं जवळजवळ सगळं ते एका जागी दाखवतं. ज्याच्या कर्त्याची खात्री पटत नाही ती ओळ गुलाबी दिसते. गुलाबी म्हणजे वाईटच असं नाही, पण तिथून वाचायला सुरुवात करायची. आधी फक्त टिक काढा, डिलीट करू नका. चूक झाली तर टिक परत लावता येते.

त्या ‘५ व्हायरस’च्या चौकटी बहुधा व्हायरसच्या नाहीतच. कुठल्याशा साइटवर ‘अलाऊ’ दाबलं गेलंय, ती साइट नोटिफिकेशन पाठवते. ब्राउझरच्या साइट सेटिंगमध्ये जाऊन परवानग्या काढल्या की त्या बंद. सर्चचं पान बहुधा एक्स्टेन्शनचं, म्हणजे ब्राउझरला चिकटवलेल्या जोडप्रोग्रामचं काम. ते काढूनही परत आलं तर सिंक, म्हणजे ब्राउझरची सेटिंग्ज खात्यात साठवण्याची सोय, बंद करून मग काढा, नाहीतर तुमच्याच खात्यातून ते पुन्हा उतरतं. आणि ब्राउझरच्या मेनूत सगळ्यात खाली ‘तुमची संस्था हा ब्राउझर सांभाळते’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल तर सावध व्हा. घरच्या कॉम्प्युटरला कसली आलीय संस्था? काही अँटिव्हायरसही ही ओळ आणतात, पण तुमच्या लक्षणांसोबत ती दिसली तर कुणीतरी बाहेरून नियम घातलेत असंच मी धरीन.

हे सगळं झालं की ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पुरतं उठण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्याला स्वतःचा बचाव करायची संधी कमी मिळते. साधारण पंधरा मिनिटं लागतात.

पण ताई, तुमच्या बाबतीत मी एवढ्यावर थांबणार नाही. ईमेलमध्ये कुणी शिरलं होतं, म्हणजे नुसत्या जाहिरातींचा प्रकार राहिला नाही. माझं मत विचाराल तर विंडोज कोरं करकरीत पुन्हा टाका. दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये विंडोज उतरवून घ्या. मशीनला चालत असेल तर ११ च टाका, कारण १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. आधी कामाच्या फाइल बाहेर काढा, फक्त फाइल. एकही सेटअप नको, आणि फॉन्टचा तो पेन ड्राइव्ह तर अजिबात नको. फाइलच्या नावाचं शेपूट दिसेल असं सेटिंग करून घ्या, म्हणजे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ असलं सोंग लगेच कळतं. शेवटी ईएक्सई असेल तर तो कागद नाही, प्रोग्राम आहे.

फॉन्टचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो पोटाचा आहे. प्रेसला जुन्याच फॉन्टमध्ये फाइल हवी असते, हे मला माहीत आहे. तेवढ्यासाठी जमेल तसं लायसन्स विकत घ्या. बाकी कामाला युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटर-मोबाइलवर तशीच दिसणारी मराठी, पुरतं. विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता, बालू, मोदक हे फॉन्ट कुणालाही मोफत वापरता येतात. मोदकमध्ये एखाद्या बारशाची पत्रिका लावून बघा, किती गुबगुबीत, गोड अक्षर आहे.

अजून एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. लोकांचे अर्ज भरता, म्हणजे त्यांच्या आधार-पॅनच्या प्रती तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असणार, कुणाकुणाचे पासवर्डही. त्या लोकांना फोन करा. अवघड वाटेल, तरी करा. पासवर्ड बदला म्हणावं, आधारचं बायोमेट्रिक लॉक लावून ठेवा म्हणावं, म्हणजे बोटांच्या ठशांवरून कुणी आधार वापरू शकणार नाही. आणि नव्या विंडोजवर काम सुरू झालं की अर्ज भरून झाल्याबरोबर, गिऱ्हाईक समोर बसलेलं असतानाच, त्याच्या प्रती पुसत जा.