ध्यानाला बसलं की जास्तच रडू येतं

"ताई, ध्यान करून मन शांत होतं म्हणतात. मग मी बसले की मला जास्तच रडू का येतं? माझं काही चुकतंय का?"

घटस्फोटाच्या वाटेवर असलेल्या कितीतरी जणी, आणि हल्ली पुरुषही, मला हे विचारतात. या वेळी विचारणारी होती नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघणारी चौतिशीतली मुलगी. (तिला विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आठ वर्षांचा संसार मोडून ती सिडकोत आईवडिलांकडे परत आली होती. दोघांच्या संमतीने अर्ज दाखल झाला होता. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे त्यानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य प्रकरणात हा काळ माफ होऊ शकतो, पण तिच्या बाबतीत तशी मागणी केलेली नव्हती. सहा महिने ना सासरची, ना माहेरची. माणूस सगळ्यात जास्त खचतो तो या मधल्या काळात, असं मला वाटतं.

मावशीने सांगितलं होतं, "पहाटे उठून अर्धा तास ध्यान कर, सगळं विसरशील." म्हणून ही रोज देवघरासमोर डोळे मिटून बसायची.

"पहिली पाच मिनिटं बरी जातात," ती म्हणाली. "मग आई डब्यासाठी कुकर लावते. शिट्टी झाली की माझं मोजणं सुरू. त्याला भात मऊ लागायचा, चार शिट्ट्यांचा. आई तिसरीला गॅस बंद करते. मी चौथीची वाट बघत बसते, आणि ती येतच नाही."

एवढं बोलून ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मीही बराच वेळ काही बोलले नाही.

मग तिला सांगितलं, तुझं काहीही चुकत नाहीये. दिवसभर व्हाउचर, जीएसटी, बसची गर्दी, शेजारणींचे प्रश्न यांत जे दाबून ठेवलेलं असतं, ते शांत बसल्यावर वर येणारच. ध्यान दुःख पुसून टाकत नाही. "सगळं विसरशील" हे मावशीचं वाक्य प्रेमाचं होतं, पण त्यापायी रोज पहाटे रडू आलं की ती स्वतःला नापास करत होती. नवरा गेला, आता ध्यानही जमत नाही, असा तिचा हिशेब. मला त्या रडण्यापेक्षा या हिशेबाची जास्त काळजी वाटली.

आम्ही अर्धा तास सोडून दिला. तीन मिनिटं, खुर्चीत बसून, डोळे उघडे, नजर समोरच्या फरशीवर, पावलं जमिनीला टेकलेली. श्वास घेताना काही करायचं नाही, सोडताना मात्र जरा लांबवायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, शरीराची ती रचनाच आहे. आणि जे वर येईल त्याला मनात एका शब्दाचं नाव द्यायचं. राग. भीती. आठवण. भावनेला नाव दिलं की मेंदूतली भीतीशी जोडलेली हालचाल कमी होते, असं मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात दिसलं होतं. पण मी ते सांगण्याआधीच तिला जाणवलं होतं. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "मला वाटायचं मला त्याची आठवण येते. नाव द्यायला बसले तर शब्द आला, लाज. परत आले त्याची लाज." तिथून आमचं खरं बोलणं सुरू झालं. पुढच्या चारपाच भेटी त्या एका शब्दावरच गेल्या.

मध्ये एक वाईट आठवडा आला. चार रात्री झोप नाही, जेवण नाही, आणि बोलता बोलता ती म्हणून गेली, "मी नसते तर बरं झालं असतं." त्या दिवशी मी ध्यानाचा विषयही काढला नाही. तिच्या आईला बोलावून घेतलं आणि दोघींना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. काही महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. अशा वेळी "अजून ध्यान कर" म्हणणं धोक्याचं आहे. असा विचार तुमच्या मनात डोकावत असेल तर डॉक्टरांना आजच भेटा, नाहीतर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. तिथे मराठीतही बोलता येतं.

इगतपुरीच्या विपश्यना शिबिराबद्दलही तिने विचारलं. नाशिकमध्ये हा प्रश्न येतोच, तिथलं धम्मगिरी केंद्र तासाभराच्या अंतरावर आहे आणि प्रत्येकाच्या नात्यात कुणीतरी जाऊन आलेलं असतं. दहा दिवस मौन, फोन बंद, दिवसाला दहा तासांच्या आसपास ध्यान. ज्यांना लाभलं ते मनापासून सांगतात, आणि मी ते मानते. पण जखम ओली असताना, गोळ्या चालू असताना मी कुणालाही आपण होऊन तिथे पाठवत नाही. तिला म्हटलं, आधी निकाल लागू दे, गोळ्यांचं डॉक्टरांना विचार, आणि फॉर्ममध्ये तब्येतीबद्दल विचारतात तिथे काही लपवू नकोस.

दुसऱ्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यातून तिचा मेसेज आला. "तो समोरच्या बाकावर आहे. नवीन शर्ट घातलाय. मला रडू येतंय. पाय जमिनीवर टेकलेत. बसलेय."

मी उत्तर पाठवलं, "बस. मी फोनजवळच आहे."