स्टीपलचेस: अडथळा सोडा, कळस बघा

प्रश्न असा आहे: राष्ट्रीय मैदानी स्पर्धेच्या एकाच बातमीत '११० मीटर अडथळा शर्यत' आणि '३००० मीटर अडथळा शर्यत' असं छापलं होतं. प्रकार एकच का? नसेल, तर दुसऱ्याला मराठीत काय म्हणावं?

एकच कसला! ११० मीटरमधल्या हर्डलला पाय लागला तर ते आडवं होतं आणि गडी पुढे पळतो. ३००० मीटरची ती म्हणजे स्टीपलचेस; तिच्यातला अडसर हलतही नाही, ८०-१०० किलोचा असतो. तो २८ वेळा ओलांडायचा, शिवाय ७ वेळा पाण्यात उतरायचं आणि भिजल्या बुटांनी पचपच करत पुढची फेरी काढायची. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०१८ साली भुवनेश्वरच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत ८ मिनिटं २९.८० सेकंदांत गोपाल सैनींचा १९८१ चा विक्रम मोडला, तो यात. पण आमची क्रीडापानं त्याला हर्डलवाला करून मोकळी होतात.

स्टीपल म्हणजे चर्चचा मनोरा. १७५२ साली आयर्लंडमध्ये कॉर्क भागात दोघांची पैज लागली म्हणतात: बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत घोड्यावरून आधी कोण पोचतो? रस्ता धरायचाच नाही. मनोऱ्यावर नजर ठेवून मधल्या भिंती, चर, ओढे ओलांडायचे. मैदानावरचा पाण्याचा खड्डा हा त्या ओढ्यांचाच वारस.

म्हणजे मुळात पैज! आणि आपली 'शर्यत' तरी काय? अरबी 'शर्त': अट, पैज. ज्या शुद्धिवाद्यांना 'शर्यत' परकी म्हणून काढून 'स्पर्धा' घालायची आहे, त्यांनी इतका चपखल शब्द आधी शोधून दाखवावा. 'पैज' चालेल म्हणता? चालेल की, ती संस्कृत 'प्रतिज्ञा'चीच प्राकृतातून आलेली लेक आहे. पण बैलगाड्याची स्पर्धा म्हणून बघा, बैलसुद्धा हसेल.

आता माझा लाडका मुद्दा. कळसाच्या रोखाने पळणं आपल्याला आयर्लंडने शिकवायला नको. वेळापूरजवळच्या टेकडीवरून तुकोबांना विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आजही पालखी तिथे आली की वारकरी उतारावरून पळत सुटतात, टाळ-पताकांसकट. त्याला म्हणतात 'धावा'. देवाचा 'धावा' करतो तोही हाच शब्द, कारण तिथे 'धाव रे' असं देवाला म्हणायचं असतं. इथे भक्तच धावतो, एवढाच फरक. हे कुणाला ओढूनताणून वाटलं तर वाटो. चर्चच्या मनोऱ्यामागे पळण्याला 'कळसधाव' म्हणायला माझी तरी काही हरकत नाही.

हां, तुम्हाला बातमीत काय लिहायचं ते हवं होतं. हर्डल्सला 'अडथळा शर्यत' राहू द्या, आणि दुसऱ्याला सरळ 'स्टीपलचेस' लिहा. मांडव्यात कळतं ते.