टोकन विकलं म्हणून बाबांची चित्रं गेली का?

प्रश्न : माझे वडील ठाण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत. 2011 मध्ये ते गेले. तलावपाळीची त्यांची जलरंगातली चित्रं घरी आहेत. 2021 मध्ये भाच्याने त्यातल्या 3 चित्रांचे फोटो काढून त्यांची एनएफटी, म्हणजे डिजिटल टोकन, विकली. ताईने फोनवर हो म्हटलं होतं. मला कोणी विचारलं नाही. घेणाऱ्याने आता त्यांचं कॅलेंडर छापलंय आणि बाबांची सही पुसून टाकलीय. तो बंगळुरूचा. म्हणतो, ब्लॉकचेनवर, म्हणजे टोकनांच्या डिजिटल नोंदवहीत, मालक मीच. काही करता येईल का?
– एक वाचक, नौपाडा

उत्तर : येईल. आणि सहीपासूनच सुरुवात करा.

गेली 22 वर्षं मी ठाण्याच्या कोर्टात वकिली करतेय, तरी ते सहीचं वाक्य वाचून मन कळवळलं. कॉपीराइट कायदा, 1957 चं कलम 57 नेमकं यासाठीच आहे. आपल्या कलाकृतीवर आपलं नाव असावं, कोणी तिची मोडतोड करू नये, हा कलावंताचा हक्क कॉपीराइट विकला तरी त्याच्याकडेच राहतो. बाबांच्या मागे वारस म्हणून तुम्ही तो बजावू शकता.

इथे तर कॉपीराइट विकलेलाही नाही. टोकन म्हणजे ब्लॉकचेनवरची एक नोंद : अमुक क्रमांक अमुक वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल खात्यात. बहुतेक वेळा चित्र त्या ब्लॉकचेनवर नसतंच, असतो तो फक्त त्याचा पत्ता. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही, हे आपल्याकडे शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. इथे तर तो सातबाराही नाही. चित्र छापायचा, त्याच्या प्रती काढायचा, ते संगणकात साठवायचा हक्क कलम 14 ने कॉपीराइटधारकाला दिलाय. तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर कलम 19 प्रमाणे लेखी करार लागतो, त्यावर सही लागते, कोणतं चित्र आणि कोणते हक्क हे त्यात लिहावं लागतं. नुसता छापायचा परवाना द्यायचा तरी तो लेखीच लागतो. फोनवरचा होकार पुरत नाही. शिवाय ताई एकटी मालक नाही. तुम्ही दोघी वारस आहात, आई असेल तर तीही. भाच्याकडे जे नव्हतंच, ते तो विकणार कसं?

कॉपीराइटचा हा हक्क बाबांच्या निधनानंतर 60 वर्षं, म्हणजे 2071 च्या अखेरपर्यंत, तुमच्या घरात आहे. नोंदणी केलेली नसली तरी बिघडत नाही.

बंगळुरूची चिंता नको. कलम 62 मुळे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे इथेच, ठाण्यात. आधी वकिलामार्फत नोटीस धाडा : छपाई थांबवा, उरलेल्या प्रती द्या, विक्रीचा हिशेब द्या. घेणाऱ्याचे पैसे बुडाले तर तो भाच्याच्या मागे लागेल, हे भाच्याला आजच सांगा. तोही घरातलाच मुलगा आहे. त्याला नोटिशीतून कळू देऊ नका.

ताईशी मात्र भांडू नका. दाव्यावर तिचीही सही असेल तर तुमची बाजू कितीतरी भक्कम होईल. दोघी बसून बाबांची स्केचबुकं काढा. बाबांनी कागदाच्या मागे पेन्सिलीने तारीख घातली आहे का, ते पाहा. तशी सापडली तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका.