सर्वांत जुना नमुना म्हणजे रोगाचे आगमन नव्हे

हर्बेरियममधील (वाळवून जपलेल्या वनस्पती-बुरशींच्या संग्रहातील) एखाद्या रोगकारक बुरशीचा सर्वांत जुना नमुना ज्या वर्षीचा असेल, ते वर्ष रोगाच्या आगमनाचे मानावे का, असे आपण विचारले आहे. तसे मानू नये. लेबलवरची तारीख एवढेच सांगते की त्या दिवशी रोग तेथे होता आणि तो गोळा करणारा माणूसही तेथे होता.

नमुना नसणे म्हणजे रोग नसणे, असेही नाही. मात्र त्याच संकलकाने त्याच भागात, त्याच हंगामात, त्याच यजमान वनस्पतीवरच्या (जिच्यावर ही बुरशी वाढते तिच्यावरच्या) इतर बुरशी गोळा केल्या असतील आणि आपली बुरशी त्यांत नसेल, तर त्या अभावाला काही वजन येते. म्हणून केवळ आपल्या बुरशीच्या नोंदी न काढता त्या यजमानावरच्या सगळ्याच नोंदी काढाव्यात; माझ्या मते हे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच टाळले जाते.

शोध जुन्या नावांनीही घ्यावा. बटाट्यावरील करप्याच्या जिवाला 1845 मध्ये मोंतान्य यांनी बोट्रायटिस इन्फेस्टान्स म्हटले आणि 1876 मध्ये डी बारी यांनी त्याच्यासाठी फायटोफ्थोरा ही नवी प्रजाती (जीनस) केली. आज तो खऱ्या बुरशींत गणला जात नाही, तरी त्याचे नमुने बुरशींच्याच संग्रहात सापडतात. गव्हावरच्या काळ्या तांबेऱ्याची बार्बेरी या झुडपावरील अवस्था तर एसिडियम या वेगळ्याच नावाखाली ठेवलेली आढळते.

एकाच वेळी गोळा केलेला नमुना वाटून अनेक संस्थांना पाठवला जात असे, त्यामुळे डेटाबेसमधल्या दहा नोंदी प्रत्यक्षात एकच संकलन असू शकतात. संकलकाचे नाव, क्रमांक आणि तारीख जुळवून पाहिल्याखेरीज नोंदी मोजू नयेत.

शक्य असेल तेथे नमुना प्रत्यक्ष पाहावा, कारण लेबलवरची ओळख चुकलेली असू शकते. एकोणिसाव्या शतकातील बटाट्याच्या वाळलेल्या पानांतून काढलेल्या डीएनएवरूनच 2013 मध्ये स्पष्ट झाले की आयर्लंडच्या दुष्काळामागचा करप्याच्या जिवाचा वंश हर्ब-1 हा होता. त्यापूर्वी ज्याच्यावर संशय होता तो यूएस-1 हा त्याचा जवळचा, पण वेगळा वंश. अशा तपासणीत पानाचा तुकडा कायमचा खर्ची पडतो, म्हणून संग्रहपालांची लेखी परवानगी आधी घ्यावी, आणि पाकीट उघडताना तळाशी साचलेली भुकटी झटकून टाकू नये. तांबेऱ्याच्या नमुन्यांत गळालेले बीजाणू तिच्यातच असतात.