केमो चालू असताना वडिलांना नेमका काय त्रास होतोय, हे घरी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय, मूत्राशयाच्या कर्करोगावर बाबांची केमो चालू आहे आणि विचारलं की ते "बरं आहे" एवढंच म्हणतात. म्हणणारच. "कसं वाटतंय?" हा प्रश्नच बाद आहे.

आमचे अण्णा, माझे वडील, ३१ वर्षं एसटीत कंडक्टर. त्यांनाही हाच कर्करोग, लसिका गाठींपर्यंत गेलेला. जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन ही दोन औषधं, २१ दिवसांची एक सायकल, म्हणजे फेरी, पहिल्या दिवशी दोन्ही, आठव्या दिवशी नुसतं जेमसिटाबिन. केस फारसे गळले नाहीत, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी केमो 'हलकी' ठरवून टाकली. डॉक्टरांसमोर अण्णा ताठ बसून "एकदम उत्तम" म्हणायचे आणि परतताना रिक्षात डोळे मिटून पडायचे.

तिसऱ्या सायकलनंतर टीव्हीचा आवाज वाढला. एका दुपारी म्हणाले, "कुकर बंद कर गं, कधीचा शिट्ट्या देतोय." गॅसवर कुकर नव्हताच. मी भावाला फोन केला, डॉक्टरांना सांगूया म्हटलं. तो म्हणाला, "सारखं विचारून तूच त्यांना आजारी पाडतेस. वय झालंय." मी ऐकलं. ही माझी चूक. चौथी सायकल तशीच गेली. मग एक दिवस दूध आणायला गेले आणि एकाच पायात चप्पल घालून परत आले. दुसरी वाटेत कुठे निसटली, पायाला पत्ताच नाही. कानातली शिट्टी आणि बधिर पाय, दोन्ही सिस्प्लॅटिनचे त्रास. तेव्हा कुठे कानाची तपासणी झाली आणि पुढच्या दोन सायकलींना सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन हे दुसरं औषध आलं. सिस्प्लॅटिननं गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. अण्णांना आता यंत्र लागतं. भाऊ अजूनही म्हणतो, वयामुळे.

त्यानंतर मी अण्णांना वही आखून दिली आणि म्हटलं, हे तुमचं वेबिल, कंडक्टर फेरीचा हिशेब लिहितो तो कागद. उलट्या किती, संडास झाली का (उलटी थांबवायच्या गोळीनं बद्धकोष्ठ होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं), पाणी किती तांबे, लघवी किती वेळा, जळजळ किंवा रक्त, शर्टाची बटणं स्वतः लावली का (बोटं बधिर झाली तर इथे कळतं). थकवा, दुखणं आणि भूक यांना ० ते १० आकडा. वेबिलात खोटं लिहिणं त्यांच्या रक्तातच नाही. पहिल्याच दिवशी थकव्याला ८ लिहिले. तोंडाने तेव्हाही "बरं आहे"च.

आणि भावासाठी, तो हे वाचतो म्हणून: अमेरिकेत ७६६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ साली आला. त्रास नियमित नोंदवणारे, ज्यांच्या गंभीर नोंदी नर्सपर्यंत आपोआप पोचत होत्या, त्यांचा जगण्याचा मध्यक ३१.२ महिने, म्हणजे निम्मे त्याहून जास्त जगले. नेहमीच्या पद्धतीतल्यांचा २६ महिने. विचारल्यानं माणूस आजारी पडत नाही रे. पण वही कपाटात ठेवून उपयोग नाही, दर खेपेला डॉक्टरांच्या टेबलावर उघडी ठेवायची.

मी डॉक्टर नाही. तुमच्याकडे थेट मूत्राशयात नळीनं औषध सोडत असतील, तर त्याचे त्रास वेगळे, तिथे माझी वही जशीच्या तशी चालणार नाही. आणि ताप १००.४ला पोचला तर वहीत लिहीत बसू नका. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाटही बघू नका. केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असू शकतात, रात्री दोन वाजले असले तरी गाडी काढा.