वाचक विचारतात : २६/११ समजून घेताना

प्रश्न : आमच्या वाचनगटात नोव्हेंबरमध्ये २६/११ वर चर्चा ठेवली आहे. गटातली कॉलेजची मुलं तेव्हा तान्ही होती. काय दाखवावं, काय वाचावं? शिवाय मृतांचा आकडा जागोजागी वेगळा का दिसतो?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : माहितीपट निवडताना आधी साल बघा. डॅन रीड यांचा ‘टेरर इन मुंबई’ २००९ चा. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार फोनवरून हुकूम सोडतात, ते मूळ आवाज त्यात आहेत. पण हल्ल्याआधी मुंबईत रेकी, म्हणजे ठिकाणांची टेहळणी, करणारा डेव्हिड हेडली पकडला गेला ऑक्टोबर २००९ मध्ये. रेकीची बाजू त्याच्या जबाबांतून पुढे उलगडत गेली. तिच्यासाठी नंतरचं काही शोधावं लागेल. ओलिसांना मारण्याचे हुकूमही ऐकू येतात, तेव्हा आधी स्वतः पूर्ण बघा.

जोडीला जिवंत पकडलेल्या कसाबच्या अपिलावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २९ ऑगस्ट २०१२ चा निकाल घ्या. इंग्रजीत आहे, नेटवर फुकट मिळतो. अख्खा वाचायला घेतलात तर दुसऱ्या बैठकीला कोणी फिरकणार नाही! फोनवरची संभाषणं आणि वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावरचे ताशेरे, एवढंच काढा. दहा मिनिटं माहितीपट, मग त्याच प्रसंगाचा उतारा, असं केलंत की कमांडोंच्या हालचाली टीव्हीवर दिसल्याने काय धोका झाला, ते मुलांना आपोआप कळतं.

पुस्तकांत विनिता कामटे यांचं ‘टु द लास्ट बुलेट’ आधी. कामा हॉस्पिटलजवळच्या रंगभवन गल्लीत करकरे, साळसकर आणि विनिता यांचे पती अशोक कामटे हे पोलीस अधिकारी मारले गेले; त्यांच्यापर्यंत मदत का पोचली नाही, हा विनिता यांचा प्रश्न. त्यासाठी त्यांनी माहिती अधिकारात कंट्रोल रूमच्या नोंदी मिळवल्या. त्या रात्री कंट्रोल रूम सांभाळणाऱ्या राकेश मारियांचं ‘लेट मी से इट नाऊ’ (२०२०) शेजारी ठेवा. एकच पुस्तक वाचून निवाडा करू नये.

बहुतेक माहितीपटांचा कॅमेरा ताज हॉटेलवर खिळलेला असतो. सीएसटीवर पन्नासहून अधिक माणसं गेली, तरी तिच्या वाट्याला थोडीच मिनिटं येतात. ठाणेकरांना ते स्टेशन तोंडपाठ, म्हणून नकाशा तिथूनच काढा : मेल-एक्स्प्रेसचा हॉल, लोकलची बाजू, पादचारी पूल, कामा.

वेब सिरीज चर्चेत नकोत. त्यांतली पात्रं नि संवाद बरेचसे रचलेले असतात.

आकड्याचं म्हणाल, तर कुठे १६६ दिसतात, कुठे १७५. १६६ मध्ये दहशतवादी धरलेले नाहीत. मारले गेलेले नऊ मिळवले की १७५ होतात. दहावा कसाब जिवंत सापडला. फलकावर १६६ लिहा.