हडसनच्या काठावरून स्ट्राइप्ड बास : रेवदंड्याहून येणाऱ्या पाहुण्यासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही रेवदंड्याचे, खाडीत गळाने जिताडा-शिंगाळा मारलेले. एप्रिलअखेरीस दोन महिने मुलाकडे न्यूयॉर्क राज्यात बीकनला येताय. बोट नाही, गाडी मुलाच्या सवडीने. पाहुण्या माणसाला हडसन नदीच्या काठावरून स्ट्राइप्ड बास मिळेल का, आणि त्यासाठी काय लागतं?

मिळेल. तुमच्या तारखाही नेमक्या जुळल्यात. हा मासा, इथले लोक त्याला नुसतं ‘स्ट्रायपर’ म्हणतात, एरवी समुद्रात फिरतो आणि वसंतात अंडी घालायला गोड्या पाण्यात चढतो. आपल्या जिताड्याचं याच्या बरोब्बर उलट, तो अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे उतरतो. हडसनमध्ये एप्रिलच्या मध्यापासून मासा वर सरकू लागतो आणि एप्रिलअखेर ते मेचा तिसरा आठवडा हा ऐन हंगाम. पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या पुढे गेलं की अंडी पडतात, त्यानंतर मोठा मासा समुद्राची वाट धरतो. कायद्याने इथला हंगाम १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर असला तरी काठावरच्या माणसाचे खरे दिवस हेच. म्हणून विमानाचा शीण उतरला की लगेच काठावर जा. ‘आधी नायगारा बघून येऊ, मग मासे’ असं ठरवलंत तर हंगाम हातचा जाईल. इथली जुनी माणसं तारखेपेक्षा झाडांकडे बघतात: फोर्सिथियाची पिवळी झुडपं फुलली की हेरिंग आले, आणि लायलॅक फुलला की मोठे स्ट्रायपर आले.

पाण्याची तुम्हाला लगेच ओळख पटेल. हडसन दिसते नदीसारखी, पण ट्रॉयच्या धरणापर्यंत, म्हणजे समुद्रापासून दीडशे मैल आत, तिला भरती-ओहोटी आहे. बीकनला चढउतार जेमतेम तीन फुटांचा. रेवदंड्याच्या मानाने तो काहीच नाही, पण त्यावरून ओढीचा अंदाज बांधू नका. उधाणाच्या दिवसांत इथे हलकं शिसं तळाला टिकत नाही, वाहत जाऊन काठाच्या दगडांत अडकतं. फोनवर भरतीची वेळ बघताना न्यूयॉर्क शहराची नको, बीकनच्या समोर पलीकडच्या काठावर असलेल्या न्यूबर्गची बघा. शहरात भरती झाल्यावर इथपर्यंत पोचायला तिला काही तास लागतात. पाणी फिरण्याआधीचा तासभर आणि फिरल्यानंतरचे दीड-दोन तास मी कधी सोडत नाही. त्यातही ही वेळ पहाटे किंवा तिन्हीसांजेला आली तर घरची बाकीची कामं बाजूला ठेवावीत.

परवान्याचं काम सोपं आहे. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला, पाहुण्यालाही, न्यूयॉर्क राज्याच्या सागरी मासेमारी नोंदणीत नाव घालावं लागतं. ती फुकट आहे आणि समुद्रातून हडसनमध्ये चढणाऱ्या माशांसाठी तीच चालते. ऑनलाइन होते. मुलाला सांगा, तुम्ही येण्याआधी करून ठेवेल. मात्र कॅटफिशसारखे गोड्या पाण्यातले मासे मुद्दाम धरायचे असतील तर गोड्या पाण्याचा वेगळा, विकतचा परवाना लागतो. तो थोड्या दिवसांसाठीही मिळतो. कागद किंवा फोनवरची प्रत खिशात असू द्या. अधिकारी काठावर येऊन बघतात, आणि नीट बोलतात.

सामान तिकडून आणू नका. नऊ-दहा फुटी साधा सर्फ रॉड, त्याला जुळणारं रीळ, वीस-तीस पौंडी दोरी आणि तीन ते पाच औंसांची शिशी इथे कुठल्याही मासेमारीच्या दुकानात मिळतात. बांधणीही ओळखीचीच: दोरीवर सरकणारं शिसं, मग स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), पुढे हात-दीड हात लीडर म्हणजे जाड दोरीचा तुकडा आणि शेवटी गरी. वाळूत रोवायला पीव्हीसी पाइपचा खालून तिरका कापलेला तुकडा घ्या आणि त्यात रॉड उभा करा. ड्रॅग, म्हणजे रिळाचा दोरी धरून ठेवणारा ब्रेक, सैल ठेवायला विसरू नका. स्ट्रायपर आमिष उचलून असा पळतो की ड्रॅग आवळलेला असेल तर अख्खा रॉड नदीत जातो.

आमिषं दोन. एक ब्लडवर्म, मेन राज्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या चिखलातून खणून काढलेला जाड, लालसर किडा. महाग असतो आणि चावतोही, म्हणून तोंडाकडून धरू नका. हंगामाच्या सुरुवातीला, पाणी थंड असताना, तो चांगला चालतो. पण त्याला व्हाइट पर्च, कॅटफिश, वाम असं सगळंच लागतं. दुसरं हेरिंग, आणि माझी पसंती त्यालाच. हेरिंग हा आपल्या पाल्यासारखा चंदेरी, काटेरी, समुद्रातून नदीत चढणारा मासा. स्ट्रायपर त्याच्याच मागावर वर येतो. त्याचे दोन-तीन बोटं रुंद तुकडे करा. डोक्याकडचा तुकडा गरीवर सगळ्यात जास्त टिकतो. पाग टाकून हेरिंग धरायचा विचार मात्र सोडून द्या. इथे जाळ्याच्या आकाराचे नियम आहेत, उपनद्यांत तर जाळं चालतच नाही, आणि पाहुण्याने त्यात अडकू नये. दुकानातून घ्या.

आता गरी. तुमच्या हाताला खरी अडचण इथेच येणार आहे. नैसर्गिक आमिष लावून स्ट्रायपरसाठी बसायचं तर ‘सर्कल हुक’ म्हणजे गोल गरीच वापरायची, असा कायदा आहे. तिचं टोक आत, दांड्याकडे वळलेलं असतं, आणि ती टेबलावर ठेवली तर सपाट बसली पाहिजे. टोक बाजूला मुरडलेली गोल गरीही चालत नाही.

मासा लागतो तेव्हा होतं असं: रॉडचं टोक दोनदा थरथरतं, थांबतं, मग हळूहळू वाकतं आणि वाकलेलंच राहतं. रीळ किरकिरत दोरी सोडू लागतं. खाडीत वाढलेला हात अशा वेळी हिसका देतो. इथे हिसका दिला की गोल गरी माशाच्या तोंडातून नुसती सरकून बाहेर येते, आणि हातात मोकळी दोरी. म्हणून रॉड पाइपमधून काढा, टोक पाण्याच्या दिशेला धरा, ड्रॅग आवळा आणि सावकाश रीळ फिरवत राहा. बाकी काही करू नका. मासा तोंड फिरवून निघाला की दोरीच्या ताणाने गरी आतून घसरत येते आणि जबड्याच्या कोपऱ्यात रुतते. मग रॉड उचला. साध्या गरीने पोटात गळ गेलेला मासा सोडला तरी बहुधा मरतो. कोपऱ्यात रुतलेली गरी दोन सेकंदांत निघते आणि मासा धडधाकट परत जातो.

आणि मासा सोडायचा प्रसंग तुमच्यावर वारंवार येणार. न्यूयॉर्क शहरातल्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या उत्तरेला हडसनमध्ये २०२४ पासून नियम असा आहे: दिवसाला एकच मासा, तोही २३ ते २८ इंचांमधला. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत, शेपूट चिमटीत मिटवून मोजायचा. २३ च्या खालचा सोडायचा आणि २८ च्या वरचाही सोडायचा, मग तो हातभर असो की पुरुषभर. आपल्याकडे मोठा जिताडा लागला की गावभर मिरवतो, म्हणून हा नियम पहिल्यांदा जड जाईल. पण तो मला मनापासून पटतो. मोठे मासे बहुतेक माद्या असतात. एक मोठी मादी एका हंगामात लाखांनी अंडी टाकते, आणि ही अंडी कुठे चिकटून बसत नाहीत, प्रवाहात तरंगत वाहतात आणि दोनेक दिवसांत फुटतात. त्यातली किती जगतील ते त्या वर्षीच्या पाण्यावर. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हा मासा जवळजवळ संपत आला होता आणि काही राज्यांना मासेमारी पूर्ण बंद करावी लागली. तो सावरला, पण २०१९ साली जाहीर झालेल्या तपासणीत पुन्हा उपसा जास्त झाल्याचं दिसलं. आताचे कडक नियम त्यातून आलेत. तेव्हा मोठी मादी लागली तर वाळूवर ओढू नका, गाफ, म्हणजे मासा ओढायचा आकडा, तर मुळीच नको, त्यालाही बंदी आहे. हात ओले करा, गुडघाभर पाण्यातच गरी काढा, पोटाखाली हात देऊन फोटो घ्या, आणि तिने स्वतः शेपूट मारेपर्यंत तोंड प्रवाहाकडे धरून ठेवा.

आणखी दोन मासे ओळखायला शिका. शॅड हा हेरिंगचाच मोठा भाऊबंद, आणि तुम्हाला तो हुबेहूब पाला वाटेल. हडसनमध्ये २०१० पासून त्याला पूर्ण बंदी आहे, चुकून लागला तर लगेच सोडायचा. दुसरा स्टर्जन: लांब सोंड, मिशा, अंगावर हाडांच्या ढाली. तो संरक्षित आहे. पाण्याबाहेरही काढू नका, वेळ पडली तर दोरी कापा.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण नातवंडं आहेत असं लिहिलंय, म्हणून सांगणं भाग आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या हडसन फॉल्स आणि फोर्ट एडवर्ड इथल्या दोन कारखान्यांतून साधारण १९४७ ते १९७७ या काळात पीसीबी नावाची रसायनं नदीत गेली. त्यामुळेच १९७६ मध्ये हडसनमधली स्ट्रायपरची व्यापारी मासेमारी बंद झाली. पुढे २००९ ते २०१५ मध्ये तळाचा गाळ उपसला, तरी माशांच्या चरबीत ती अजून आहेत. राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ला स्पष्ट आहे: पन्नाशीच्या आतल्या बायकांनी आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांनी हडसनमधला कुठलाच मासा खाऊ नये. तुमच्यासारख्या माणसाला बीकनच्या आसपासचा स्ट्रायपर महिन्यातून एकदा चालतो. म्हणजे सुनेला आणि नातवंडांना स्वतः धरलेल्या माशाची तुकडी द्यायची हौस इथे पुरवता येणार नाही. त्यांच्यासाठी मासा बाजारातून आणा. तुम्ही खाणार असाल तर कातडी, पोटाकडची चरबी आणि मधला काळपट पट्टा काढून टाका आणि जाळीवर भाजा, म्हणजे चरबी गळून जाईल. डोक्याचं कालवण नको, चरबी सगळी रश्श्यातच उतरते.

जागांचं म्हणाल तर बीकनसारखं ठिकाण शोधून सापडणार नाही. रेल्वे स्टेशनच्या पलीकडेच नदी, आणि रिव्हरफ्रंट पार्क व लाँग डॉक पार्क पायी अंतरावर. मुलाची गाडी नसली तरी तुमचं अडणार नाही. काठाजवळच पाणी खोल आहे, पण तळाला दगड आहेत, जास्तीची शिशी न्या. उत्तरेला स्टाट्सबर्गजवळ नॉरी पॉइंट आणि त्याहून वर किंग्स्टन पॉइंट, दोन्हीकडे काठ चांगला आहे.

पण पहिल्या रविवारी मुलाला सांगून पूल ओलांडा आणि पश्चिम काठावर न्यू विंडसरच्या प्लम पॉइंटला जा. लांबच लांब वाळू आहे, दूर फेकायला मोकळी जागा आहे आणि हंगामात पहाटेपासून रॉडांची रांग लागते. नवख्याला तिथे नुसतं बघूनही निम्मं शिकायला मिळतं. रांगेत उभं राहण्याआधी शेजाऱ्याला विचारा आणि त्याच्या दोरीवरून फेकू नका. तिथून दक्षिणेकडे पाहिलंत की उजव्या हाताला स्टॉर्म किंग डोंगर दिसेल. १९६०च्या दशकात एका वीज कंपनीला, कॉन एडिसनला, त्याच्या पायथ्याशी नदीचं पाणी वर चढवून वीज करायचा प्रकल्प उभारायचा होता. लोक कोर्टात गेले. नदीत वाहणारी स्ट्रायपरची अंडी आणि पिल्लं पंपांत ओढली जातील, हा त्या लढ्यातला एक मोठा मुद्दा होता. १९८० मध्ये तडजोड झाली आणि प्रकल्प सोडून दिला गेला. तुम्ही गळ टाकाल तेव्हा ती अंडी त्याच डोंगराखालून वाहत असतील. मला हे दरवर्षी नव्याने आठवतं, आणि बरं वाटतं.

आता धोक्याच्या गोष्टी. दोन्ही काठांना लागून रेल्वे आहे, आणि चांगली दिसणारी कित्येक ठिकाणं रुळांपलीकडे असतात. काही लोक रूळ ओलांडून जातात. तुम्ही जाऊ नका, ते बेकायदा आहे आणि गाड्या आवाज न करता वेगाने येतात. अधिकृत पार्कातूनच उतरा. मेच्या सुरुवातीपर्यंत पाणी इतकं गार असतं की पडलात तर काही मिनिटांत हातपाय चालेनासे होतात, तेव्हा शेवाळलेल्या दगडांवर चढू नका, आणि एकटे असाल तर गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. आणि गोचीड. इथल्या गवतात खसखशीएवढी बारीक गोचीड असते, तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. पँट मोज्यांत खोचा, औषध फवारा, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली नीट बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. तेल किंवा चुना लावत बसू नका.